मासेमारी, जुन्नर व आंबेगाव परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत घोड, कुकडी, मीना, पुष्पावती आणि मांडवी ह्या नद्यांमध्ये व त्यांवर बांधलेल्या धरणांच्या जलाशयांत चालणारी गोड्या पाण्यातील मासेमारी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा शेतीस जोड देणारा हंगामी उद्योग होता. १९७० नंतर कुकडी प्रकल्पातील धरणे एकामागून एक पुरी झाली, तेव्हा उथळ, वाहत्या पाण्याच्या जागी खोल व स्थिर पाणी आले. त्याबरोबर मासे बदलले, ते पकडण्याची साधने बदलली आणि पाण्यावर हक्क कोणाचा, हा पूर्वी फारसा न उठलेला प्रश्न निर्माण झाला. ह्या परिसरातील मासेमारीचा इतिहास मुख्यत्वे ह्या स्थित्यंतराचा इतिहास आहे.

नद्या व त्यांचे स्वरूप : दोन्ही तालुक्यांची पश्चिम सीमा सह्याद्रीच्या मुख्य रांगेने आखलेली आहे. घोड नदी आहुपे गावाजवळ उगम पावते. कुकडीचा उगम नाणेघाटाच्या परिसरात कुकडेश्वराजवळ आहे. मीना ढाकोबाच्या पूर्व उतारावर उगम पावते. पुष्पावती माळशेज घाटाच्या बाजूने येते. कुकडी व मीना पुढे घोडेस मिळतात आणि घोड भीमेस मिळते. घाटमाथ्यावर पावसाचे प्रमाण फार मोठे असून पूर्वेकडे ते झपाट्याने कमी होत जाते. त्यामुळे पावसाळ्यात ह्या नद्यांना मोठे पूर येत, तर माघ-फाल्गुनापासून प्रवाह क्षीण होऊन पात्रात केवळ डोह उरत. माशांचे सर्व जीवन ह्या चक्राशी बांधलेले होते. पहिल्या पुरात ते अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढत, पाऊस ओसरला की खाली उतरत आणि उन्हाळा डोहांत काढत. मासेमारीच्या जुन्या पद्धती ह्या तीन अवस्थांना अनुसरून ठरलेल्या होत्या.

प्राचीन पुरावा : घोड नदीच्या काठी मानव व मासे यांचा संबंध फार जुना आहे. ह्याच नदीवर बरेच खाली, शिरूर तालुक्यात, इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात विस्तृत उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहत इ. स. पू. सु. १६०० ते ७०० ह्या काळातील असून तिच्या अवशेषांत पाळीव व वन्य प्राण्यांच्या हाडांबरोबर माशांची हाडेही मिळाली. शेती व पशुपालन करणारे हे लोक नदीतील माशांनी आपल्या आहारात भर घालीत, एवढे त्यावरून निश्चित होते. जुन्नरच्या लेण्यांतील प्राचीन लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा निर्देश आहे. त्याचा मासेमारीशी प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि ज्या कामट्यांच्या विणकामावर माशांचे सापळे अवलंबून होते, ती कला ह्या भागात दोन हजार वर्षांपूर्वीही संघटित स्वरूपात होती, हे त्यावरून कळते.

मासेमारी करणारे समाज : देशावरील नद्यांत मासेमारी हा पिढीजात व्यवसाय असलेला प्रमुख समाज भोई होय. पालखी व मेणे वाहणे, नदीतून उतारू पलीकडे नेणे आणि मासे धरणे ही त्यांची कामे होती. पश्चिमेकडील डोंगराळ गावांत महादेव कोळी, ठाकर व कातकरी ह्या जमाती राहतात. महादेव कोळी ह्या नावामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. कोकण किनाऱ्यावरील सोनकोळी हे समुद्रावर मासेमारी करणारे लोक आहेत. महादेव कोळी मात्र मूलतः डोंगरी शेतकरी असून भात, नाचणी व वरई ही त्यांची पिके होत. नदी-ओढ्यांतील मासे हा त्यांच्या पावसाळी आहाराचा भाग असला, तरी होडी, मोठे जाळे व खोल पाणी ह्यांच्याशी त्यांचा परिचय नव्हता. पुढील काळात ह्याच लोकांना जलाशयावर मासेमारी शिकावी लागली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बदलाचे स्वरूप समजते. ठाकर व कातकरी हे मासे आणि खेकडे धरण्यात विशेष कुशल मानले जातात.

नदीतील ताजे मासे वर्षातून काही महिनेच मिळत. उरलेल्या काळात सुकट, बोंबील यांसारखी सुकी मासळी कोकणातून येई. घाटातील पायवाटांनी होणाऱ्या देवघेवीत मिठाप्रमाणेच सुक्या मासळीलाही स्थान होते.

पारंपरिक साधने व पद्धती : मृगाच्या पावसाने ओढे वाहू लागले की मासे नदीतून ओढ्यांत आणि ओढ्यांतून भातखाचरांत चढत. ह्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. ते धरण्यासाठी खाचराच्या बांधाच्या तोंडाशी किंवा ओढ्याच्या अरुंद जागी बांबूच्या कामट्यांचे निमुळते सापळे बसवीत. सापळ्याच्या तोंडाशी आत वळलेल्या कामट्या असत. त्यांतून मासा सहज आत जाई, पण बाहेर येऊ शकत नसे. पाऊस ओसरताना हेच सापळे उलट्या दिशेने मांडून उतरणीचे मासे धरीत. रात्री उजेड घेऊन उथळ पाण्यातील मासे हाताने वा कोयत्याने मारण्याची पद्धतही होती.

हिवाळ्यात पाणी कमी झाल्यावर ओढ्याचा एखादा भाग दगड-मातीचा बांध घालून अडवीत आणि आतील पाणी उपसून मासे गोळा करीत. ह्या कामात स्त्रिया व मुले यांचाही वाटा असे. डोहांत भोई लोक पाग वापरीत. पाग म्हणजे काठाला शिशाचे वा मातीचे मणी लावलेले गोल जाळे. ते हातावर घेऊन एका झटक्यात पाण्यावर पसरले की छत्रीप्रमाणे खाली जाते व त्याखाली सापडलेले मासे दोरी ओढताच जाळ्यात गोळा होतात. जाळी सण किंवा सुती धाग्याची असत व ती कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालीच्या तुरट रसात भिजवीत.

गळ हे सर्वांत साधे व एकट्या माणसाला पुरणारे साधन. बांबूची काठी, दोरा, लोखंडी आकडा व आमिष म्हणून गांडूळ, बेडकी अथवा कणकेचा गोळा, एवढेच त्याला लागते. मरळ, वांब व शिंगटा यांसारखे मांसाहारी मासे गळाला लवकर लागतात. मरळ दगडाच्या वा झुडपाच्या आडोशाला दबा धरून असतो. म्हणून त्याच्यासाठी गळ एका जागी न ठेवता पाण्याच्या पृष्ठावर हलवत नेणे अधिक उपयुक्त ठरते. वांब चिखलात व खडकांच्या फटींत राहत असल्याने तिच्यासाठी गळ तळाशी सोडतात.

उन्हाळ्यात डोहात वनस्पतींचे विष कालवून मासे गुंगवण्याची रीत सह्याद्रीच्या पट्ट्यात सर्वत्र होती. रामेठ्याची साल, गेळ्याची फळे इ. द्रव्ये कुटून पाण्यात मिसळली की मासे पृष्ठावर येत. ही पद्धत लहान माशांचाही नाश करते. ती क्वचित व गावाच्या संमतीने वापरली जाई, तोवर तिचा परिणाम मर्यादित होता. तिच्या जागी सुरुंगाची दारू व रासायनिक द्रव्ये आली, तेव्हा ती घातक ठरली. उलटपक्षी काही डोह श्रद्धेने राखलेही जात. पुणे जिल्ह्यात इंद्रायणीकाठी देहू येथे देवाचे म्हणून माशांना दिलेले संरक्षण हे त्याचे परिचित उदाहरण आहे.

एकोणिसाव्या शतकातील नोंदी : दख्खनच्या माशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स ह्या अधिकाऱ्याने केला. १८२४ पासून काही वर्षे तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनमध्ये फिरत होता. भीमा व तिच्या उपनद्यांतील चाळीसहून अधिक जातींची वर्णने त्याने लिहिली व ती लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेने १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. ह्या लेखनाचा विशेष असा, की पुष्कळ जातींना त्याने स्थानिक मच्छीमारांच्या तोंडची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. टॉर खुद्री ह्या महासीर माशाच्या नावात मराठी ‘खडशी’, मिस्टस सीन्गटी ह्या नावात ‘शिंगटी’ आणि हिप्सेलोबार्बस कोलस ह्या नावात ‘कोळस’ ही लोकांची नावे आजही ओळखता येतात. जाळे टाकणाऱ्या निरक्षर माणसांचे ज्ञान अशा रीतीने जागतिक शास्त्रात टिकून राहिले; ज्यांनी ती नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे मात्र नोंदली गेली नाहीत.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमालेतील पुणे जिल्ह्यावरील खंड १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ब्रिटिश अधिकाऱ्यांत काठी-गळाच्या मासेमारीचा छंद वाढला. हेन्री सलिव्हन टॉमस ह्याचा द रॉड इन इंडिया (१८७३) हा ग्रंथ ह्या छंदाचा मार्गदर्शक ठरला. महासीर हा त्यांचा आवडता मासा. त्याच्यासाठी चमच्याच्या आकाराचे, पाण्यात फिरताना चकाकणारे धातूचे पाते आमिष म्हणून वापरीत. त्याची हालचाल लहान माशासारखी भासते व महासीर त्यावर झडप घालतो. चवीने वा वासाने ओढून घेणारे आमिष आणि हालचालीने फसवणारे आमिष असा भेद ह्या साधनांमुळे स्पष्ट झाला.

सुरुंग व विष यांचा वापर वाढल्याने १८९७ मध्ये भारतीय मत्स्य अधिनियम करण्यात आला. त्यान्वये स्फोटक द्रव्यांनी किंवा पाण्यात विष घालून मासे मारणे हा गुन्हा ठरला. अंमलबजावणी सैल राहिली, तरी पाण्यातील माशांच्या संरक्षणाचे तत्त्व ह्या कायद्यात आले.

धरणे व पाण्याचे रूपांतर : कुकडी प्रकल्पाची आखणी १९६० च्या दशकात झाली. त्यात कुकडीवरील येडगाव (१९७७) व माणिकडोह (१९८४), मीना नदीवरील वडज (१९८३), पुष्पावतीच्या खोऱ्यातील पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरील डिंभे ही पाच धरणे येतात. डिंभे धरणाचे काम सु. २००० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सु. १३·५ अब्ज घनफूट असून त्यास हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. परदेशी मालाविरुद्धच्या आंदोलनात १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत प्राण देणारे बाबू गेनू हे आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे होते. माणिकडोहच्या जलाशयास शहाजी सागर म्हणतात.

ह्या धरणांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांना मिळते. जलाशयांखाली मात्र पश्चिमेकडील आदिवासी गावांची नदीकाठची सपाट व सुपीक जमीन गेली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले, ते जुने आंबेगावही डिंभे जलाशयात बुडाले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव येथे आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे जुन्या गावातील देवळांचे व घरांचे अवशेष उघडे पडतात. अनेक कुटुंबे दूरच्या पुनर्वसनाच्या जागी न जाता जलाशयाच्या वरच्या डोंगरउतारावर राहिली. शेत गेले होते व समोर पाणी होते. ते पाणी हेच उपजीविकेचे साधन करण्यावाचून त्यांना फारसा पर्याय नव्हता.

नव्या पाण्यात जुनी साधने चालेनाशी झाली. कामट्यांचे सापळे अरुंद ओहोळासाठी होते. मैलोन्मैल पसरलेल्या जलाशयात त्यांना जागा नव्हती. पाग काही मीटर खोलीपर्यंतच उपयोगी पडते. चढणीच्या माशांचे मार्ग धरणाच्या भिंतींनी तुटले. वाहत्या पाण्यात राहणारे स्थानिक मासे जलाशयातून कमी झाले व मुखाकडील नदीभागात उरले.

मत्स्यबीज व नवे मासे : कटला, रोहू व मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातील कार्प मासे जलाशयांसाठी निवडले गेले. ते स्थिर पाण्यात वाढतात, परंतु तेथे सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून त्यांचे बीज पूर्वी नद्यांतून गोळा करून दूरवर न्यावे लागे. हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे अंतःक्षेपण करून कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हा ही अडचण दूर झाली. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रे निघाली व जलाशयांत दरवर्षी बोटुकली सोडणे शक्य झाले. हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

सायप्रिनस व गवत्या हे परदेशी कार्प मासेही महाराष्ट्रातील जलाशयांत आले. १९५२ मध्ये भारतात आणलेला, लोकांत ‘चिलापी’ म्हणून ओळखला जाणारा तिलापिया लहान वयात व वारंवार वितो आणि इतर माशांचे खाद्य खातो. त्यामुळे त्याच्या प्रसाराने मत्स्यसंपत्तीचे स्वरूप पुष्कळ ठिकाणी बदलले. दुसऱ्या बाजूने, ऱ्हास पावणाऱ्या खडशीसाठी टाटा वीज कंपन्यांनी लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० पासून महासीर-संवर्धनाचे काम केले आणि तेथील बीज अनेक राज्यांत पाठविले.

जलाशयातील साधने : खोल व उघड्या पाण्यात मासा कोणत्या जागी व कोणत्या खोलीवर आहे हे दिसत नाही. नदीत डोह, कपार किंवा बांधाचे तोंड पाहून मच्छीमार अंदाज बांधीत असे. जलाशयात तशी खूण नसते. जगातील जलाशयांवर ह्या अडचणीतून दोन मार्ग निघाले. पहिल्यात साधन हलते ठेवून मासा शोधतात, तर दुसऱ्यात साधन स्थिर ठेवून माशाच्या हालचालीची वाट पाहतात.

पहिल्या मार्गाचे उदाहरण म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेण्याची, ट्रोलिंग नावाची पद्धत. ट्रॉल जाळे ओढून केल्या जाणाऱ्या समुद्रातील ट्रॉलिंगहून ती वेगळी आहे. उत्तर अमेरिकेतील क्रॅपी हे मासे धरण्यासाठी ती विशेष प्रचलित आहे. काळा व पांढरा अशा क्रॅपीच्या दोन जाती असून ते थव्याने, पुष्कळदा मधल्या थरात राहतात. होडीवर अनेक काठ्या पंख्यासारख्या मांडून ताशी एक-दोन किमी. इतक्या संथ वेगाने होडी चालवतात. आमिष किती खोल जाईल हे होडीचा वेग, सोडलेल्या दोरीची लांबी व लावलेले वजन ह्या तिहींवर ठरते. वेग वाढला की आमिष वर येते व कमी झाला की खाली जाते. वेगवेगळ्या काठ्यांवरील आमिषे वेगवेगळ्या खोलीवर ठेवून थव्याचा थर एकदा सापडला, की सर्व गळ त्याच खोलीवर आणतात. अरबी समुद्रात सुरमई व कुपा यांसारख्या वेगवान शिकारी माशांसाठीही ओढत्या गळाचा उपयोग होतो.

क्रॅपी भारतात आढळत नाही. जुन्नर-आंबेगावच्या जलाशयांतील मुख्य मासे वनस्पती, प्लवक व तळातील सेंद्रिय द्रव्य खाणारे असल्याने पळत्या आमिषामागे ते सहसा धावत नाहीत. शिवाय इंधन व यंत्र यांचा खर्च छंदाला परवडतो, पोटासाठी मासे धरणाऱ्याला परवडत नाही. म्हणून येथे दुसरा मार्ग रूढ झाला. त्याचे साधन म्हणजे गिल नेट या नावाने ओळखले जाणारे, माशाचे कल्ले अडकवणारे जाळे. नायलॉनच्या बारीक धाग्याचे हे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. वरच्या दोरीला तरंगणारे व खालच्या दोरीला जड मणी असतात. माशाचे डोके आसातून पार होते, धड अडकते आणि मागे सरताना कल्ले धाग्यात गुंततात. सायंकाळी जाळे लावून पहाटे ते काढतात.

ह्या साधनातही खोलीचा विचार तितकाच महत्त्वाचा आहे. कटला पृष्ठाजवळ, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. त्याप्रमाणे तरंगणाऱ्या व जड मण्यांचे प्रमाण बदलून जाळे वर वा खाली लावतात. आसाचे माप हा सर्वांत निर्णायक भाग होय. मोठ्या आसातून लहान मासे निसटून वाढीस लागतात; बारीक आसाने आज मासे अधिक मिळतात, पण पुढील वर्षांचे उत्पन्न बुडते. बुडालेली झाडे व घरांच्या भिंती यांत जाळी अडकून फाटणे, ही अशा जलाशयांवरील नेहमीची अडचण असते. ज्यांनी ते गाव पाहिले होते, त्यांना ह्या अडथळ्यांची जागा आठवणीने ठाऊक होती.

होडी विकत घेण्याची ऐपत नसलेले लोक महाराष्ट्रातील अनेक जलाशयांवर मोटारीच्या चाकातील हवा भरलेली ट्यूब किंवा थर्मोकोलचा तराफा वापरतात. त्यावर बसून हातांनी वल्हवत जाळी लावणे धोक्याचे असते. वारा सुटला तर तराफा उलटतो. त्यामुळे होड्या व पोहण्याची सुरक्षासाधने मिळवणे ही मच्छीमार संस्थांची पहिली गरज ठरली.

हक्क व सहकार : जलाशयातील मासेमारीचा हक्क शासन ठरावीक मुदतीच्या ठेक्याने देते. सहकारी संस्थांना प्राधान्य देण्याचे धोरण असले, तरी पैसा, बीज व बाजारपेठ हाती असलेल्या बाहेरच्या ठेकेदारांचे वर्चस्व अनेक ठिकाणी राहिले. अशा व्यवस्थेत ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, ते त्याच पाण्यावर मजूर होतात किंवा चोरटे मच्छीमार ठरतात.

डिंभे जलाशयावर ह्या स्थितीत बदल घडला. आनंद कपूर व कुसुम कर्णिक यांनी स्थापन केलेल्या ‘शाश्वत’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने धरणग्रस्त आदिवासी संघटित झाले. जलाशयाची पातळी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसण्याचा आणि जलाशयात मासे धरण्याचा हक्क, ह्या त्यांच्या दोन प्रमुख मागण्या होत्या. २००० नंतरच्या दशकात डिंभे जलाशय आदिवासी मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ह्या लोकांना जलाशयातच तरंगते पिंजरे उभारून बीज वाढवण्याचे शिक्षण दिले. बाहेरून आणलेली लहान बोटुकली थेट सोडली, तर त्यांतील पुष्कळशी शिकारी माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. जाळीच्या पिंजऱ्यात काही आठवडे खाद्य देऊन वाढवलेली बोटुकली सोडल्यास त्यांपैकी अधिक जगतात. ज्या समाजाला खोल पाण्याची ओळख नव्हती, त्याने अशा रीतीने एका पिढीत मासे धरणे व मासे वाढवणे ही दोन्ही कामे आत्मसात केली.

कायद्यातही ह्या हक्काला आधार मिळाला. दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग १९८५ च्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात येतो. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींविषयीच्या १९९६ च्या अधिनियमात लहान जलसाठ्यांचे व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद आहे. वनहक्क अधिनियम, २००६ मध्ये सामूहिक हक्कांत जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न यांचा स्पष्ट निर्देश आहे. कागदावरील हक्क व ठेक्याची प्रत्यक्ष पद्धत यांचा मेळ घालणे हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे.

समस्या : जलाशयातील मासेमारी पाण्याच्या पातळीवर अवलंबून असते व ती पातळी सिंचनाच्या गरजेनुसार ठरते. उन्हाळ्यात आवर्तने सुटली की पाणी झपाट्याने उतरते, मासे उरलेल्या पाण्यात दाटीने जमतात आणि ते सहज सापडतात. ह्या काळात अनिर्बंध पकड झाली, तर पुढील हंगामासाठी मासे उरत नाहीत. कमी पावसाच्या वर्षी पेरलेल्या बीजाचा खर्चही भरून येत नाही. पावसाळ्यातील प्रजननकाळात मासेमारी बंद ठेवणे, आसाचे किमान माप पाळणे व बारीक मासे परत सोडणे हे नियम सर्वमान्य आहेत. पण त्यांचे पालन ज्यांचा हक्क दीर्घकाळ टिकणार आहे, अशाच संस्थेकडून होऊ शकते. अल्प मुदतीच्या ठेकेदारास पुढील वर्षाच्या माशांशी कर्तव्य नसते.

स्थानिक माशांचा प्रश्न ह्याहून निराळा आहे. खडशी, कोळस यांसारख्या जातींना वाहते पाणी व खडकाळ तळ लागतो. जलाशयांच्या वरच्या बाजूचे नदीभाग, डोह व भातखाचरांना जोडणारे ओहोळ हे त्यांचे शेवटचे आश्रयस्थान होय. विजेचा धक्का देऊन व विरंजक चूर्ण टाकून केलेली मासेमारी ह्याच भागांना सर्वाधिक हानी पोहोचवते. कटला-रोहूचे बीज दरवर्षी बाहेरून आणता येते, परंतु ह्या स्थानिक माशांची परंपरा एकदा तुटल्यास ती बीज केंद्रातून सहजासहजी पुन्हा जोडता येत नाही.

नदीकाठच्या लोकांनी साइक्सला माशांची नावे सांगितली, त्या वेळी ते मासे ह्या सर्व नद्यांत सामान्यपणे मिळत. त्यांतील काही नावे आता शास्त्रीय ग्रंथांत अधिक व बाजारात कमी ऐकू येतात. जलाशयांनी ह्या परिसराला पूर्वी नव्हता एवढा मत्स्यव्यवसाय दिला, हे खरे. हा व्यवसाय धरणग्रस्तांच्या हाती टिकवणे आणि त्याच वेळी वरच्या प्रवाहांतील मूळचे मासे राखणे, ह्या दोन गोष्टी साधल्या तरच हा लाभ पुरा म्हणता येईल.